जावईबापूंचं बिनतारी व्रत

सासूबाईंच्या लॅपटॉपला मुक्ती मिळाली तेव्हा त्या आंघोळीला गेल्या होत्या. केस पुसत बाहेर आल्या तर जावईबापू त्यांच्याच खुर्चीत बसलेले, पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी वर चाललेली, आणि जावईबापूंच्या चेहऱ्यावर असं समाधान, जणू आत्ताच कुणाला तरी बुडताना बाहेर काढलंय.

“आई, आजपासून तुमचा लॅपटॉप पूर्ण स्वतंत्र!”

“अगंबाई! आधी कुणाच्या ताब्यात होता?”

“कंपनीच्या.”

लिनक्स ही मुक्त प्रणाली त्यावर आधीपासूनच होती. तो सोहळा मागेच उरकला होता आणि सासूबाईंची त्याबद्दल तक्रारही नव्हती. बटणं इकडची तिकडं गेली, पण काम होत होतं. यंत्रानं काम करावं, यापलीकडे यंत्राकडून त्यांची काही अपेक्षा नव्हती. जावईबापूंची होती. यंत्र शुद्धही असावं, असं त्यांना वाटे.

“आत वायफायचं कार्ड असतं ना, आई, ते चालवणारा ड्रायव्हर आपला आहे, मुक्त आहे. पण कार्ड महा आळशी. कंपनीनं दिलेली एक फाइल पोटात गेल्याशिवाय ते जागंच होत नाही. आणि त्या फाइलच्या आत काय आहे हे जगात कुणाला बघता येत नाही. बंदिस्त! आपल्या घरात, आपल्या यंत्रात, आपल्याला न दिसणारी वस्तू! आज ती काढली. तिच्या जागी आमच्या लोकांनी लिहिलेली मोकळी फाइल घातली. तुम्हीसुद्धा उघडून वाचू शकता.”

“मी?”

“कुणीही!”

सासूबाईंनी मान डोलावली. आयुष्यात वाचायचं राहून गेलेलं पुष्कळ होतं, त्यात ही एक भर. “पण ती जुनी फाइल काही त्रास देत होती का हो?”

“त्रासाचा प्रश्न नाही, आई. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

तत्त्वाचं नाव निघालं की या घरात बोलणं संपायचं.

जावईबापू एका विमा कंपनीच्या संगणक विभागात होते. तिथं दिवसभर ते बंदिस्त सॉफ्टवेअरवरच काम करत, पण ते पोटासाठी. आणि पोटाला तत्त्वं लावू नयेत यावर त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मंडळात सगळ्यांचं एकमत होतं. ऑफिसातली कसर मग घरी काढायची. नुकतीच मंडळानं शपथ घेतली होती, की आपल्या घरातल्या एकाही यंत्रात बंदिस्त ओळ राहू द्यायची नाही. शपथ घेताना घरच्यांना विचारायचं असतं, हे मंडळातल्या कुणालाच सुचलं नव्हतं.

मोबाइलची मुक्ती आधीच झालेली होती. लेकीच्या मोबाइलचा कॅमेरा तेव्हापासून माणसं हिरवी दाखवायचा, आणि तीही उलटी. “त्यावर काम चालू आहे,” असं जावईबापू सांगत. कोण करतंय, कुठं करतंय, हे विचारायची सोय नव्हती. त्यांचा स्वतःचा मोबाइल ऑफिसचा होता, त्याला त्यांचा इलाज नव्हता, आणि ऑफिसच्या वस्तूचा घरच्या कामासाठी वापर हाही तत्त्वातच बसत नव्हता. सासूबाईंनी आपला बटणांचा जुना फोन उशाखाली दडवला होता म्हणून तो तेवढा गुलामीत सुखानं नांदत होता.

दुपारी जेवणं आटोपल्यावर सासूबाई चष्मा पुसून, पुस्तक घेऊन लॅपटॉपसमोर बसल्या. हा त्यांचा नेम होता. थोरली बहीण, अक्का, दूरच्या गावी मुलाकडे राहायची. अक्काचे कान कधीच गेले होते आणि डोळ्यांना आता छापील अक्षर लागत नव्हतं. पण समोरच्याचे ओठ मोठे दिसले, की ती शब्दन् शब्द टिपायची. भाच्यानं तिच्यासाठी भिंतीवरच्या टीव्हीला कॉल जोडून दिला होता. त्या एवढ्या मोठ्या टीव्हीवर सासूबाईंचा चेहरा परातीएवढा दिसे, आणि अक्का तो चेहरा वाचे. रोज एक प्रकरण. सर्दीपडशात नेम चुकला नाही, लेकीच्या घरबदलीत चुकला नाही.

सध्या एक जाडजूड रहस्यकथा चालली होती. घड्याळांच्या एका व्यापाऱ्याचा आतून कुलूप लावलेल्या दुकानात खून होतो. संशय भागीदारावर, बायकोवर आणि घरच्या डॉक्टरवर.

“डॉक्टरच!” अक्का पलीकडून गरजली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती नेहमी चार घरांना ऐकू जाईल असं बोलायची. “इतकं गोड बोलणारा माणूस खून केल्याशिवाय राहतोय होय? वाच पुढं, धाकटे.”

सासूबाईंनी सावकाश, ओठ नीट उघडत वाचायला घेतलं. “गुप्तहेर खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, त्या संध्याकाळी दुकानात शेवटचा आत गेला तो…”

अक्काचा चेहरा थिजला. डोळे वटारलेले, तोंड उघडं, एक बोट हवेत. सासूबाई थांबल्या. वाट पाहिली. बोट हवेतच.

“अक्का? अगं अक्का?”

मुक्ती मिळालेल्या लॅपटॉपनं त्यांना कळवलं, की जोडणी तुटली आहे.

*

जावईबापूंनी संकटाचं स्वागत केलं. बिघाड शोधायला मिळाला की त्यांची भूक वाढायची. त्यांनी काळी पाटी उघडली, यंत्राच्या नोंदी काढल्या आणि त्या डोळे बारीक करून वाचू लागले.

“ही एकच ओळ सारखी सारखी येतेय, नाही का हो?” मागे उभ्या सासूबाई म्हणाल्या.

“तिच्याकडे बघायचं नाही, आई. ती ओळ म्हणते की फाइल कोसळली, परत चालू केली. फाइल कोसळली, परत चालू केली. ती नुसती कुरकुर आहे. खरं कारण वेगळंच असणार.”

खरं कारण शोधायला मग घर पालथं घातलं गेलं. पहिला नंबर माशांच्या टाकीचा लागला. पाणी लहरी शोषून घेतं म्हणे. दोन सोनेरी मासे आपल्यावरचा आरोप तोंडाची उघडझाप करत ऐकत राहिले आणि न्हाणीघराच्या ओट्यावर हद्दपार झाले. मग लोखंडी कपाट सरकलं. मग आरसा भिंतीवरून उतरला; तो लहरी उलट्या फेकतो. मग खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मायक्रोवेव्हवर संशय घेऊन झाला. राउटरचं चॅनल बदललं. कार्डाची वीज वाचवायची सवय मोडली. ड्रायव्हर काढला, घातला. पुन्हा काढला, पुन्हा घातला. आणि दर वेळी “आता बघा, आई!” म्हणून जावईबापू हात झटकून उभे राहायचे.

आता बघायचं काय, ते सासूबाईंना पाठ झालं होतं. कॉल लागायचा. अक्का दिसायची. चार वाक्यं जायची, आणि अक्काचा पुतळा व्हायचा.

लेक संध्याकाळी कामावरून आली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची ती. समोरच्याला काय दिसत नाही हे ओळखणं हा तिचा धंदाच. तिनं हद्दपार मासे पाहिले, भिंतीवरचा आरशाचा फिकट चौकोन पाहिला.

“अरे, नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ऐकलीयस? तू तर अंगणच खणायला घेतलंस.”

“तुला कळत नाही. पद्धतशीर एकेक शक्यता बाद करतोय मी.”

“सगळ्या बाद केल्यास. ती नवी फाइल तेवढी राहिलीय.”

“फाइल बरोबर आहे,” जावईबापू शांतपणे म्हणाले. “तिचा प्रत्येक शब्द लोकांनी तपासलाय.”

“मग चालत का नाही?”

“कार्ड वाईट आहे. कंपनी वाईट आहे. चालणं न चालणं हा वेगळा मुद्दा आहे.”

“आईच्या लॅपटॉपला वायर लावून दे मग. तारेचा अडॉप्टर मिळतो, आणू?”

जावईबापूंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं भर पंक्तीत शिवी दिली होती. “वायर? वायर म्हणजे हार! आज वायर लावली, की उद्या कंपनीवाले म्हणणार, बघा, जमलं नाही यांना.”

“कंपनीवाले आईकडे बघत बसलेत होय?”

लेकीच्या घरी राहणाऱ्या आईनं जिभेला दोन गाठी मारून ठेवाव्या, एक लेकीसाठी, एक जावयासाठी, असं सासूबाईंचं मत होतं. खाली डॉक्टरीणबाईंकडे जाऊन त्यांच्या यंत्रासमोर बसता आलं असतं. पण ज्या बाईच्या मायक्रोवेव्हवर आळ घेतला, तिच्याच दारात घरचं उणंदुणं घेऊन कोणत्या तोंडानं जायचं?

मग जागा शोधणं सुरू झालं. लहरी कुठं बऱ्या येतात ते जावईबापू सांगत आणि सासूबाई पुस्तक, चष्मा, लॅपटॉप असा संसार घेऊन तिथं बसत. एक दिवस दिवाणखान्याच्या दारात. एक दिवस स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. एक दिवस बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटाशी, स्टुलावर. तिथं जरा बरं चाललं म्हणायचं. पाच वाक्यं गेली.

“धाकटे!” अक्काचा आवाज जिन्यापर्यंत गेला. “आज कुठं बसलीयस? मागं चपला दिसतायत! घरातून काढलं की काय तुला?”

“नाही गं, अक्का…”

“जावई कुठाय? बोलाव त्याला. आमच्या वेळी सासूला निदान खुर्ची…”

आणि त्या ‘खुर्ची’वर अक्काचा पुतळा झाला, तोंडाचा भलाथोरला आ करून. जावईबापूंनी तेवढ्यात मागच्या खोलीत काम काढलं.

मंडळाच्या चर्चापानावर त्यांनी बिघाडाची सविस्तर हकिकत टाकली होती. एकानं उत्तर दिलं, की आधीच्या चर्चा वाचा. दुसऱ्यानं विचारलं, असलं कार्ड मुळात घेतलंच कसं? तिसऱ्यानं कंपनीला शिव्या घातल्या आणि त्याला सगळ्यात जास्त शाबासकी मिळाली. आधीच्या चर्चा धुंडाळताना एक सापडली. अगदी हेच कार्ड, हीच मोकळी फाइल, हाच पुतळा. जावईबापूंनी श्वास रोखून खालपर्यंत वाचलं. विचारणाऱ्यानं शेवटी लिहिलं होतं: ‘सुटलं. धन्यवाद.’ बस्स. कसं सुटलं, अवाक्षर नाही.

“हे बघा, आई, ही माणसं!” जावईबापू टेबलावर हात आपटून म्हणाले. “स्वतःचं भागलं की झालं. दुसऱ्यासाठी एक ओळ लिहायला यांची बोटं झिजतात! ज्ञान दडवणारा माणूस कंपनीपेक्षा वाईट.”

हे मात्र सासूबाईंना अगदी पटलं.

*

आठवडा उलटला तसं अक्काच्या ऑपरेशनचं ठरलं. हृदयाची झडप बदलायची होती. या वयात म्हणजे जरा जोखमीचंच, असं भाच्यानं बटणांच्या फोनवर मावशीला सांगितलं. रविवारी संध्याकाळी दवाखान्यात न्यायचं, सोमवारी सकाळी ऑपरेशन.

“मावशी, ती म्हणते दुपारचं वाचन झाल्याशिवाय घरातून हलणार नाही. शेवटचं प्रकरण राहिलंय म्हणे. म्हणते, तो पुस्तकातला डॉक्टर खुनी निघाला तर मी या डॉक्टरच्या हाती छाती देत नाही. हसत म्हणते… पण काल सगळा दिवस खिडकीत बसून होती. तुमचं ते कनेक्शन तेवढं बघा हो.”

सासूबाईंनी फोन ठेवला. लहानपणी अंधारात झोप लागेना की अक्का त्यांना गोष्ट सांगायची, आणि ऐन रंगात आली की म्हणायची, उरलेली उद्या. उरलेली उद्या ऐकायची म्हणून त्या निमूट झोपायच्या. आता पाळी त्यांच्यावर आली होती, आणि मध्ये एक फाइल आडवी पडली होती, जी कुणीही उघडून वाचू शकत होतं.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन त्या जावईबापूंच्या खोलीशी गेल्या. या खोलीचं दार एरवी लोटलेलं असायचं. आज फट होती, आणि आतून जावईबापू कुणाशी तरी बोलत होते.

“…अध्यक्षसाहेब, तुम्ही विषयच असा दिलात! ‘एक संपूर्ण मुक्त घर: अनुभव’. दुपारच्या भाषणाला सगळे ऑनलाइन येताहेत ना? अहो, सासूबाईंपर्यंत मुक्ती पोचलीय आमच्याकडे! वयानं आडकाठी येत नाही. त्याही आनंदात आहेत.”

पडद्यावर पांढऱ्या दाढीचे अध्यक्ष मान डोलावत होते. सासूबाई दारातच थबकल्या. अध्यक्षांच्या दाढीचा केस न् केस दिसत होता. ते हसले तर हसू सबंध आलं. चहा प्यायले तर कप ओठापर्यंत जाऊन सुखरूप खाली आला. कुठं पुतळा नाही, काही नाही.

अध्यक्ष गेले. सासूबाईंनी कप टेबलावर ठेवला, आणि ठेवता ठेवता त्यांना यंत्राच्या मागून निघालेली एक निळी वायर दिसली. ती पुस्तकांच्या मांडणीआड गेली होती आणि पलीकडे राउटरच्या पाठीत शिरली होती.

“जावईबापू, ही निळी वायर कसली हो?”

“कुठली? ती होय? ती… नेटची.”

“म्हणजे तुमचं वायफायवर चालत नाही?”

“माझ्या मशीनमध्ये ते कार्डच नाही, आई. मी मुद्दाम काढून टाकलं. आणि वायरीचा ड्रायव्हर अथपासून इतिपर्यंत मुक्त आहे, तिला फाइल लागतच नाही. कुठंही तडजोड नाही!” बोलता बोलता जावईबापूंना चेव आला होता.

“वायर म्हणजे हार, म्हणाला होतात.”

जावईबापूंनी चहाचा मोठा घोट घेतला. तो बराच गरम होता.

“ते… तुमच्या बाबतीत, आई. तुमच्या यंत्रात कार्ड होतं. कार्ड असताना वायर लावणं म्हणजे हार. माझं तसं नाही.”

“असं होय.” सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीत होता. “म्हणजे व्रत तुम्ही घेतलंत आणि उपास आमच्या अक्काला घडला.”

“आई, तत्त्व म्हणून…”

“तत्त्वाला मी नाव ठेवत नाही. नेम मीही पाळते. पण नेम आपण आपल्या पोटावर पाळायचा असतो, जावईबापू. शेजारच्याच्या ताटावर हात ठेवून पाळला, तर त्याला नेम म्हणत नाहीत.”

दारात लेक येऊन उभी राहिली होती, हातात टूथब्रश तसाच.

“मी एक सुचवते,” सासूबाई म्हणाल्या. “दुपारी मी इथं बसते. तुमच्या या यंत्रावर, निळ्या वायरीवर. अक्काला शेवटचं प्रकरण वाचून दाखवते. तुम्ही माझा लॅपटॉप घ्या आणि त्यावरून भाषण द्या. चपलांच्या कपाटाशी बसा, स्टूल आहे तिथं. तिथं बरं येतं, तुम्हीच शोधून दिलेली जागा. तुमची ती मोकळी फाइल आहेच. लोकांनाही बघायला मिळेल.”

जावईबापूंच्या डोळ्यांपुढं मंडळ आलं असावं, आणि मंडळापुढं स्वतःचा चेहरा: मागं चपला, तोंडाचा आ, एक बोट हवेत. माशांची टाकी, आरसा, डॉक्टरीणबाईंचा मायक्रोवेव्ह, कशाचंच नाव त्यांना आता सुचेना.

“थांबा,” ते पुटपुटले, आणि त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. जुन्या चार्जरांच्या गुंत्याखालून एक पेनड्राइव्ह निघाला.

“काय आहे हे?” लेकीनं विचारलं.

“जुनी फाइल.”

“फेकली नव्हतीस?”

“फेकायची नसते. बॅकअप ठेवावा लागतो.”

“तत्त्वाचाही बॅकअप असतो होय!” लेक टूथब्रश नाचवत म्हणाली. “म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माशांना कशाला रे छळलंस मेल्या?”

“माहीत नव्हतं. शंका होती,” जावईबापू म्हणाले, आणि पेनड्राइव्ह घेऊन बाहेर गेले.

चहा निवायच्या आत काम झालं. काळ्या पाटीवर ती कुरकुरणारी ओळ पुन्हा आली नाही. एवढीशी फाइल, एका फोटोपेक्षाही लहान असेल. जावईबापूंनी लॅपटॉप सासूबाईंच्या खुर्चीसमोर ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “आजच्यापुरती हं, आई.”

सासूबाईंनी मासे आधी जागेवर आणून घेतले.

*

दुपारी दोन खोल्यांत दोन कार्यक्रम एकदमच सुरू झाले. मधल्या पॅसेजमध्ये लेक भिंतीला टेकून उभी होती, एक कान इकडे, एक तिकडे. तिकडचं तिनं मागाहून आईला नक्कल करून दाखवलं.

इकडे अक्काचा चेहरा पडद्यावर आला. केस विंचरलेले, दवाखान्याची पिशवी शेजारी भरलेली. “अरे वा! खुर्चीत!” ती गरजली. “वाच, धाकटे. भराभर वाचू नकोस.”

सासूबाईंनी वाचायला घेतलं. चार वाक्यं गेली. पाच गेली. पान उलटलं. गुप्तहेरानं सगळ्यांना दुकानात जमवलं. घड्याळं टिकटिकत होती. अक्काचे डोळे सासूबाईंच्या ओठांवर, कपाळावरची शीर फुगलेली. “…आणि किल्लीची दुसरी प्रत करून घेणारा माणूस याच खोलीत आहे. भागीदारसाहेब, आपण खाली बसा.”

अक्का हलेना.

सासूबाई पडद्याकडे वाकल्या. पडद्यावर डोळे वटारलेले, ओठ मिटलेले, अगदी थिजल्यासारखं. “अक्का? दिसतंय का? अडकलं का गं? अक्का!”

“ओरडू नकोस, दिसतंय,” अक्का म्हणाली. आवाज प्रथमच हळू होता. “अडकलं नाही. मीच थांबलेय जरा.” आणि मग एकदम भिंती हलतील अशी म्हणाली, “म्हणजे डॉक्टर नाही! डॉक्टर निर्दोष!”

तिकडे ‘एक संपूर्ण मुक्त घर’ ऐन भरात आलं होतं. भिंतीपलीकडून ‘डॉक्टर निर्दोष!’ आल्यावर अध्यक्ष दचकले. लेकीच्या सांगण्यानुसार पुढचं बोलणं असं झालं:

“हे काय होतं?”

“काही नाही, अध्यक्षसाहेब. सासूबाईंचा… व्हिडिओ कॉल चाललाय.”

“त्याच लॅपटॉपवर? बिनतारी?”

“हो.”

“इतका वेळ? न तुटता? अहो, मग आपली मोकळी फाइल चालते की! आम्हा कुणाकडे चार वाक्यांच्या पुढं जात नाही. कसं जमवलंत?”

जावईबापू पाणी प्यायले. मग म्हणाले, “चालतंय… आता चालतंय.” मंडळानं टाळ्या वाजवल्या.

इकडे प्रकरण संपत आलं होतं. सासूबाई पान उलटणार, तेवढ्यात अक्कानं हात वर केला. “किती राहिलंय?”

“दोन पानं. नंतर त्या सगळ्यांचं काय झालं, ते.”

“राहू दे.”

“अगं, दोनच…”

“राहू दे म्हणते ना. उरलेली मी परत आल्यावर.” अक्कानं पिशवीचा बंद उगाचच आवळला. “आणि धाकटे, तुझ्या जावयाला सांग, तोवर यंत्राला हात लावायचा नाही. नाहीतर मी भूत होऊन येईन आणि त्याच्या त्या ड्रायव्हरात बसेन.”

*

ऑपरेशन झालं. अक्काला अतिदक्षता विभागातून बाहेर यायला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागले आणि त्या दिवसांत सासूबाईंनी बटणांचा फोन मुठीतून सोडला नाही. लॅपटॉपला कुणी हात लावला नाही. ‘आजच्यापुरती’ हा शब्दही कुणी काढला नाही. अखेर भाच्याचा फोन आला: आईला घरी आणलंय, टीव्हीसमोर खुर्ची मांडून बसलीय, मावशी, दुपारी तयार राहा.

दुपारपर्यंत वेळ होता. लेक घरीच होती, मोबाइलवर मंडळाचं चर्चापान उघडून एकटीच फिदीफिदी हसत होती.

“आई, हे बघ. अध्यक्षांनी आग्रह केला म्हणून तुझ्या जावयानं आपला बिघाड सुटल्याचं जाहीर केलंय.” आणि तिनं वाचून दाखवलं: “‘सुटलं. धन्यवाद.’”

“एवढंच?”

“एवढंच. पन्नास जणांनी शाबासकी दिलीय. आणि खाली हे बघ, कुणीतरी विचारलंय. ‘माझे वडील परगावी एकटे असतात. मी मोठ्या हौसेनं त्यांच्या यंत्रात ही मोकळी फाइल घातली. आता त्यांचा चेहरा दर वेळी मध्येच थिजतो. तुम्ही कसं सोडवलंत, सांगाल का?’”

“मग? काय सांगितलं?”

“काही नाही. चार दिवस झाले.”

सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. कुठलं गाव, कुठला माणूस, काही ठाऊक नव्हतं. पण त्याच्या पडद्यावर या घटकेला एक म्हातारा तोंडाचा आ करून थांबलेला असणार, आणि तो माणूस माशांची टाकी उचलत असणार.

“याच्याखाली आपल्याला लिहिता येतं का गं?”

“येतं की. माझ्या मोबाइलवर त्यानं आपलंच लॉग-इन करून ठेवलंय, म्हणजे त्याच्या नावानंच जाईल. आई… तो चिडेल हं.”

“ज्ञान दडवणारा माणूस कंपनीपेक्षा वाईट, असं जावईबापू स्वतःच म्हणालेत. मी त्यांचा शब्द खाली पडू देत नाहीये. लिही.” सासूबाईंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, जणू समोर अक्काच होती. “मोकळी फाइल काढून कंपनीची जुनी फाइल परत घातली. मग चाललं. ती तुमच्याही खणात बॅकअप म्हणून असेल. मासे, कपाट, आरसा जागेवरच राहू द्या. वडिलांना नमस्कार.”

“खाली नाव काय घालू? त्याचंच?”

“छे छे, खोटं कशाला? सासू, एवढंच घाल.”

लेकीनं बटण दाबलं. जरा वेळानं आतल्या खोलीत खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला, आणि मग दारातून खोल गेलेला आवाज: “आई… हे तुम्ही…?”

“आले हं, जावईबापू. वाचन झालं की आलेच.”

सासूबाईंनी पुस्तक उघडलं. दोन पानांत घालून ठेवलेला दोरा बाजूला काढला. पडद्यावर अक्का आली. गाल बसलेले, गळ्याशी पांढरी पट्टी, पण डोळे तेच, टवकारलेले.

“धाकटे,” अक्का म्हणाली, आणि या वेळी आवाज फार तर शेजारच्या घरापर्यंत गेला असेल, “कुठं बसलीयस आज?”

“खुर्चीत,” सासूबाई ओठ नीट उघडत म्हणाल्या. “माझ्या खुर्चीत. वाचू?”